वीस मिनिटे अंग सैल सोडण्याची परवानगी मिळणेबाबत

सगळे रिपोर्ट नॉर्मल आले, तेव्हा चनबसप्पा हत्तुरे खरा घाबरला.

तोपर्यंत त्याची भीती साधी होती. तीन वर्षं अंग दुखत होतं. मानेत सुरू व्हायचं, पाठीतून उतरायचं, गुडघ्यात मुक्काम करायचं आणि टाचेत येऊन ठाण मांडायचं. आठ तास झोपून उठला, तरी कुणी रात्रभर ज्वारीची पोती उचलायला लावल्यासारखा दमलेला. अशा माणसाला काहीतरी मोठं झालेलं असणार आणि ते आज ना उद्या कागदावर येणार, अशी त्यानं मनाची तयारी ठेवली होती. रक्त तपासून झालं, एक्स-रे झाले, त्या बोगद्यासारख्या यंत्रात घालून झालं. कुठेच काही नाही. म्हणजे आत जे काय होतं ते इतकं हुशार होतं, की यंत्रालाही चकवून बसलं होतं.

"नॉर्मल आहे म्हणतात," त्यानं घरी येऊन बायकोला खोल आवाजात सांगितलं.

"मग पेढे आणा की," जगदेवी म्हणाली.

"तुला कळत नाही. नॉर्मल म्हणजे त्यांना सापडलेलं नाही."

जगदेवीनं पोळी उलटली. तीस वर्षांच्या संसारात तिला एवढं कळलं होतं, की नवऱ्याची भीती कढत असताना झाकण काढायचं नाही.

चनबसप्पा सरकारी कचेरीत अव्वल कारकून. टेबल हयातीच्या दाखल्यांचं. पेन्शन घेणाऱ्या म्हाताऱ्या माणसांनी वर्षातून एकदा येऊन आपण जिवंत असल्याचं दाखवायचं आणि चनबसप्पानं ते मान्य करायचं. एकावन्नाव्या वर्षी माणसाला घाबरवून सोडायला याहून चांगलं टेबल नाही. ज्यांच्या नावापुढे गेल्या साली त्यानं शिक्का मारला होता, त्यातली काही मंडळी या साली येत नसत.

शेवटी त्याला अंकिता डॉक्टरांकडे पाठवण्यात आलं. जुन्या दुखण्यांच्या डॉक्टर. वयानं त्याच्या पुतणीएवढ्या.

"काका, तुमचं दुखणं खोटं नाही," त्या म्हणाल्या, तेव्हा चनबसप्पाचे डोळे भरून आले. तीन वर्षांत असं म्हणणारी ही पहिलीच. "पण तुमच्या अंगातला पहारेकरी झोपतच नाही. चोर नसला तरी शिट्टी वाजवत बसतो. त्यानंच दुखतं आणि त्यानंच दमायला होतं. गोळ्या चालू ठेवा, चालणं चालू ठेवा, आणि त्या पहारेकऱ्याला रोज थोडा वेळ बसायला शिकवा. अंग सैल सोडायचं, श्वास बघायचा. दहा मिनिटं."

"पण चोर खरंच असला तर?" चनबसप्पानं विचारलं.

डॉक्टरांनी त्याच्याकडे क्षणभर बघितलं आणि कागदावरचे दहा खोडून वीस केले.

त्याच्या फोनवर त्यांनी एक आवाज घालून दिला. कुणा बाईंचा, मराठीतच, पण इतका मऊ की ऐकताना काहीतरी वाईट बातमी येणार असं वाटावं. पहिल्या दिवशी कचेरीतून आल्यावर चनबसप्पा सतरंजीवर उताणा पडला. बाई म्हणाल्या, श्वासाकडे फक्त बघा. त्यानं बघितलं. आणि एक भयंकर गोष्ट त्याच्या लक्षात आली. एकावन्न वर्षं हा श्वास आपला आपण चालला होता, कुणाच्याही देखरेखीशिवाय. आता आपण बघायला लागलो, तर तो आपल्यावर विसंबून राहील, आणि आपलं लक्ष जरा हललं की थांबेल. त्या संध्याकाळी तो जेवता जेवताही श्वासावर लक्ष ठेवून होता. दोनदा ठसका लागला.

तिसऱ्या दिवशी स्नायू आले. एकेक भाग घट्ट आवळायचा आणि सोडायचा. पोटरी आवळली ती आवळलेलीच राहिली. गोळा आला, तो जगदेवीनं मीठपाण्याच्या शेकानं तासाभरात उतरवला. मग जबडा. बाई म्हणाल्या दात घट्ट दाबा, चनबसप्पानं सरकारी माणसाच्या इमानानं दाबले, आणि दाढेवरची टोपी निघाली. निघून कुठं गेली ते कळेना. ती श्वासनलिकेत गेली या कल्पनेनं तो अर्धा तास दाराच्या चौकटीला धरून उभा होता. टोपी उशीखाली सापडली.

पण खरी पंचाईत पुढे होती. पंधराव्या मिनिटाला बाई म्हणायच्या, "आता तुम्हाला पूर्ण सुरक्षित वाटेल अशा एका जागी मनानं जा."

चनबसप्पा निघाला. पहिल्यांदा सिद्धेश्वर तलावाच्या काठी जाऊन बसला. छान वारा होता. पण काठावर शेवाळ असतं, आणि त्याला पोहता येत नाही. तिथून उठून गावाकडच्या घरी गेला, तर ओसरीवर चुलतभाऊ वाटणीचे कागद घेऊन बसलेला. लग्नानंतर महाबळेश्वरला गेले होते ती खोली आठवली. तिथल्या गिझरला शॉक होता. देवळात जाऊन बसला, तेव्हा लक्ष सगळं बाहेर सोडलेल्या चपलांकडे. असं करत करत तो महिनाभर साऱ्या जिल्ह्यात हिंडला आणि रोज पहिल्यापेक्षा दमून सतरंजीवर परत आला. सबंध पृथ्वीवर आपल्याला सुरक्षित अशी एकही जागा नाही, ही गोष्ट त्याला या आरामामुळे कळली. एरवी कळली नसती.

"आवाज फार आहे इथं," तो जगदेवीला म्हणाला. खरं कारण सांगायची लाज वाटली.

आवाज होताच. भवानी पेठेत भिंतीला भिंत लागून नरसय्या येमूलचे टॉवेलचे चार माग. नरसय्याच्या कानावर ही गोष्ट गेली आणि तो स्वतः आला. भला माणूस. म्हणाला, "अण्णा, अगोदर सांगायचं की. तुम्ही सहा वाजता पडता ना? सहा ते सहा वीस बंद ठेवतो. शेजारी कशाला असतोय मग आपण?"

दुसऱ्या दिवशी सहाला माग थांबले. चनबसप्पाला जन्मात माहीत नव्हती अशी शांतता पसरली. त्यात त्याला आपलं काळीज ऐकू येऊ लागलं, आणि ते मधूनच एखादा ठोका चुकवतंय असा संशय आला. ठोके मोजता मोजता सहा मिनिटं झाली, आणि दारात कुजबुज सुरू झाली.

त्या गल्लीत लाइट असताना माग एकाच कारणानं थांबतात. आधी पलीकडचे दोघे आले, मग किराणावाला, मग टोपी हातात घेऊन एक लांबचे काका. कुणीच विचारीना. सगळे तोंडं पाडून उभे. सतरंजीवर चनबसप्पाचे पाय दिसत होते. एका बाईनं जगदेवीला मिठी मारली आणि रडायला सुरुवात केली.

"अहो, ते आराम करतायत!" जगदेवी म्हणाली.

"झाला म्हणायचा आराम," काका डोळे पुसत म्हणाले.

तेव्हा चनबसप्पा उठून बसला. पुढची पाच मिनिटं कशी गेली ते गल्ली सांगते. तो सांगत नाही. एकाच गोष्टीनं त्याची झोप उडाली. त्या गर्दीत एकही माणूस आश्चर्य वाटल्यासारखा दिसला नव्हता.

घरी हा कार्यक्रम पुन्हा होणं शक्यच नव्हतं. म्हणून त्यानं कचेरीतली अभिलेख खोली पाहून ठेवली. जुन्या कागदांच्या गठ्ठ्यांत आवाज मुरतो, आणि तिथं सहसा कुणी येत नाही. पण विचारल्याशिवाय पडायचं, आणि कुणी पाहिलं तर? चोवीस वर्षांच्या नोकरीत त्यानं विचारल्याशिवाय खिडकीसुद्धा उघडली नव्हती. त्यानं रीतसर अर्ज केला. विषय : वैद्यकीय सल्ल्यानुसार दररोज वीस मिनिटे अंग सैल सोडण्याची परवानगी मिळणेबाबत.

अर्ज आठवड्यानं परत आला. शेरा होता : कोणत्या नियमान्वये?

चनबसप्पानं नियम शोधले. रजेचे नियम होते, प्रवासाचे होते, बेशिस्तीचे तर पुष्कळच होते. अंग सैल सोडण्याचा एकही नव्हता. त्यानं डॉक्टरांची चिठ्ठी जोडून अर्ज पुन्हा पाठवला. शेरा आला : रिपोर्ट जोडावेत. जोडले. शेरा आला : रिपोर्ट नॉर्मल दिसतात, सबब परवानगी कशासाठी, खुलासा करावा. चनबसप्पानं खुलासा लिहायला घेतला. "सदर कर्मचाऱ्यास दुखते" याच्या पुढे त्याला वाक्य सुचेना. दुखतं, हे सिद्ध कसं करायचं? रोज समोर उभ्या राहणाऱ्या जिवंत माणसांकडे तो जिवंतपणाचा पुरावा मागत आला होता. आता त्यांची तोंडं एकेक करून त्याच्या डोळ्यांपुढं यायला लागली.

आणि अशात शेजारच्या टेबलावरून बातमी आली. पन्नाशी ओलांडलेल्यांची तपासणी चालू आहे. कामाला निरुपयोगी ठरतील त्यांना सक्तीनं घरी बसवणार. यादी आस्थापना शाखेत, चौथ्या मजल्यावर, इंद्रजीत साहेबांच्या टेबलावर आहे.

"आणि तुम्ही स्वतः लिहून दिलंत होय, दमतो म्हणून?" शेजारचा म्हणाला, आणि पुढं काही न बोलता त्यानं चनबसप्पासाठी चहा मागवला. त्या चहानं चनबसप्पाचे हातपाय गार पडले. या माणसानं चोवीस वर्षांत त्याला कधी चहा पाजला नव्हता.

त्यानं अर्ज मागे घेण्यासाठी अर्ज केला. शेरा आला : मागे घेण्याचे कारण नमूद करून समक्ष भेटावे. मंगळवार, अकरा वाजता.

सोमवारी त्यानं जगदेवीला घरातले सगळे कागद कुठं आहेत ते दाखवलं. मंगळवारी कचेरीत तो पावणेअकरापर्यंत टेबलावर बसून राहिला. समोर केराबाई उभी होती. मंद्रूपच्या पुढं मेंढरं घेऊन तळ ठोकलेली, सत्तरी उलटलेली धनगराची बाई. खांद्यावर घोंगडं. यंत्रावर तिचा अंगठा उमटत नव्हता. उभ्या आयुष्यात दोर ओढून ओढून अंगठ्याच्या रेषाच झिजलेल्या.

"यंत्र काय म्हनतंय?" तिनं विचारलं.

"ओळख पटत नाही म्हणतं. वर साहेबांची सही लागेल."

"म्हंजी वर जाऊन सांगायचं व्हय, मी हाय म्हनून?"

"मीही तिकडेच निघालोय," चनबसप्पा म्हणाला. "चला."

एरवी तो लिफ्टमध्ये पाय ठेवत नसे. पण त्या दिवशी टाच टेकवत नव्हती, पाठ धरलेली होती आणि चार मजले चढून धापा टाकत साहेबांपुढं जाणं म्हणजे यादीत आपल्या हातानं नाव लिहिणं. दोघं लिफ्टमध्ये शिरली. केराबाईनं वाकून आत नमस्कार केला.

दुसरा मजला गेला. तिसरा यायच्या आत खालून कचकन आवाज झाला, पंखा थांबला, दिवा गेला, आणि ती पेटी अंधारात लटकत राहिली.

चनबसप्पानं घंटेचं बटण दाबलं. वाजली नाही. दारावर थापा मारल्या. बऱ्याच वेळानं वरून शिपायाचा आवाज आला, "लाइट गेलीय! जनरेटरचं डिझेल आणायला माणूस गेलाय!"

"कधी येईल?"

"आत्ताच गेलाय!"

चनबसप्पाच्या छातीत ढोल सुरू झाला. पाठीतून कळ निघाली ती थेट टाचेपर्यंत. दोरी तुटली तर? हवा संपली तर? मोबाइलला रेंज नाही. जगदेवीला कागद दाखवले ते बरं केलं, असं त्याच्या मनात आलं, आणि तेवढ्यात त्याच्या मनगटाला सांडशीसारखी पकड बसली.

"सायेब," केराबाई म्हणाली. तिला धाप लागली होती. "माजा जीव गुदमरतोय. मला भाईर काडा. मी कदी भिंतीच्या आत ऱ्हायली न्हाय. दार न्हाय, आभाळ न्हाय... मला भाईर काडा की वो!"

तिचे शब्द तुटायला लागले. अंधारात फक्त तिचा श्वास, फाटका, भरभर. चनबसप्पाला दोरीची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती आता पुढं आली. ही बाई इथं, आपल्या हाताला धरून, अशीच गेली तर? आणि त्याला करता येण्यासारखं जगात काय होतं? औषध नव्हतं, पाणी नव्हतं. दीड महिना रोज ऐकून पाठ झालेला एक आवाज तेवढा होता. तो त्याच्या तोंडून आपोआप निघाला. तसाच मऊ, बायकी.

"आता डोळे हळुवार मिटून घ्या."

"मिटायचे कशाला? आंधारच हाय की."

"तरी मिटा. खाली बसा. भिंतीला टेका. श्वास हळूच आत घ्या... आणि त्याहून हळू बाहेर सोडा. पायाची बोटं घट्ट आवळा."

"पायात चपला हायती."

"चपलांसकट आवळा. आता सोडा. सैल सोडा."

तो सांगत गेला, ती करत गेली. पोटऱ्या, मांड्या, मुठी. जबड्याचं त्यानं गाळलं. तिच्या तोंडात चारच दात होते. पकड थोडी ढिली झाली. पण श्वास अजून अडखळतच होता. मग ते वाक्य आलं. चनबसप्पाला ते म्हणायचं नव्हतं, पण पुढचं पाठ होतं ते तेवढंच.

"आता तुम्हाला पूर्ण सुरक्षित वाटेल अशा एका जागी मनानं जा."

"म्हंजी?"

"म्हणजे जिथं तुम्हाला भीती वाटत नाही."

केराबाई गप्प झाली. इतका वेळ गप्प, की त्यानं घाबरून तिचा हात चाचपला.

"हाय की," ती म्हणाली. "तळावर. दुपारच्याला. बाभळ हाय तितं एक, कडंला ज्वारी काडलेलं रान. ऊन लागलं की मेंढरं बसत्यात. एकाच्या पोटाखाली एक डोस्की घालत्यात आन रवंथ करत्यात. लई झ्याक आवाज येतोय त्येचा. मी बाभळीला टेकती. मांडीवर कोकरू असतंय. त्येचं पोट गरम असतंय."

चनबसप्पानं ते ऐकलं, आणि त्याच्यातला कारकून जागा झाला. कुठलीही जागा तपासल्याशिवाय तो मान्य करत नसे.

"लांडगा येत नाही?"

"येतोय की."

"मग?"

"कुत्रं हाय. दुपारचं कशाला येतंय त्यो? आन आला तर बगू."

"साप?"

"आसतोय. त्येच्या वाटंनं जातोय."

"बाभळीचे काटे?"

"झाडून घ्याचं की बुडाखाली. लेकरा, तू बसलास का उभा हायस?"

तो उभा होता. तो बसला, सरकारी पँटसकट, लिफ्टच्या फरशीवर. पाठ भिंतीला टेकली.

"मालक हाकलून देत नाही रानातून?"

"आमाला बलवूनच आनत्यात. खत मिळतंय त्येनला."

"आणि पाऊस आला तर?"

"घोंगडं हाय."

चनबसप्पा आणखी शंका शोधत राहिला. बराच शोधला. एवढी तपासणी त्यानं आजवर कुठल्याच जागेची केली नव्हती, आणि या जागेकडे प्रत्येक गोष्टीचं उत्तर होतं. उत्तरही असं, की संकट येत नाही असं ती बाई एकदाही म्हणाली नव्हती. हळूहळू त्याला ती मेंढरं दिसायला लागली. ऊन लागून एकमेकांच्या सावलीत डोकी घालणारी. रवंथाचा आवाज यायला लागला. कोकरू मात्र त्यानं केराबाईच्याच मांडीवर राहू दिलं. पहिल्याच दिवशी मागणं बरं दिसत नाही. खांदे कानांपासून खाली आले. ते इतकी वर्षं वर होते, हे खाली आल्यावरच कळलं. पाठ दुखत होती, पण लांबून हाक मारल्यासारखी. श्वासाकडे कुणाचंच लक्ष नव्हतं, आणि तो चालू होता.

लिफ्ट हलली आणि तिसऱ्या मजल्यावर दार उघडलं, तेव्हा समोर दहा-बारा माणसं जमली होती. आत अव्वल कारकून हत्तुरे आणि एक म्हातारी फरशीवर पाय पसरून, डोळे मिटून बसलेली.

"अहो हत्तुरे! ठीक आहात ना?"

"थांबा," चनबसप्पा डोळे न उघडता म्हणाला, "दोन मिनिटं राहिलीत."

इंद्रजीत साहेबांपुढं तो पंचेचाळीस मिनिटं उशिरा उभा राहिला. चौतीसेक वर्षांचे साहेब, समोर फायलींचा ढीग. चनबसप्पानं घाबरायचा प्रयत्न केला, पण घाबरायला जेवढी ताकद लागते तेवढी अंगात उरली नव्हती. त्यानं पहिल्यांदा केराबाईचा कागद पुढे केला. साहेबांनी एकदा तिच्याकडे बघितलं आणि सही केली.

"तुमची सुट्टी किती वाजता असते, हत्तुरे?" मग त्यांनी विचारलं.

"दीड ते दोन, साहेब."

"त्यात तुम्ही जेवता, झोपता की डोक्यावर उभे राहता, हे शासनानं कधी विचारलंय का? मग तुम्ही शासनाला का विचारलंत? या अर्जावर माझ्या शाखेनं सात टिपण्या लिहिल्यात. सात!"

"आणि ती यादी, साहेब?" चनबसप्पानं धीर करून विचारलं. "पन्नाशीची?"

"ती गेल्याच महिन्यात गेली. तुमचं नाव नव्हतं. तुम्हाला घरी बसवलं तर ते हयातीचं टेबल घेणार कोण?"

म्हणजे तीन आठवड्यांची भीती वायाच गेली. खाली उतरताना, जिन्यानं, त्याला त्याचं थोडं वाईटही वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून दीडच्या ठोक्याला चनबसप्पा पाच मिनिटांत डबा संपवून अभिलेख खोलीत सतरंजी टाकू लागला. बाईंचा आवाज पंधराव्या मिनिटाला जा म्हणाला, की तो उठून मंद्रूपच्या पुढं जायचा, बाभळीखाली जागा झाडायचा आणि टेकायचा. दुखणं गेलं, असं म्हणायला नको. थंडीत टाच बोलायची, काही सकाळी पोती तशीच. पण आठवड्यातले दोन-तीन दिवस असे निघू लागले, की संध्याकाळी जगदेवीबरोबर चौकापर्यंत चालत जाऊन येता यायचं. अंकिता डॉक्टरांनी कागदावर "सुधारणा" असं लिहिलं. तो शब्द वाचून तो थोडा घाबरला, पण थोडाच.

चार महिन्यांनी, ऐन उन्हाळ्यात, केराबाई दुसऱ्या कुठल्याशा कागदासाठी आली. चनबसप्पा उठून उभा राहिला. आपली खुर्ची तिला दिली, पाणी मागवलं, आणि मग आवाज खाली आणून विचारलं, "मावशी, बाभळ बरी आहे ना?"

"कंची बाभळ?"

"तळावरची. मंद्रूपच्या पुढची."

"त्यो तळ कवाच हलला की," केराबाई म्हणाली. "दोन म्हैनं झालं. तितं ऊस लावलाय आता."

चनबसप्पाचा चेहरा उतरला. काल दुपारी तो तिथंच होता. म्हणजे दोन महिने आपण कुणाच्या उसात जाऊन बसत होतो?

"मग आता?" तो म्हणाला. "आता कुठं आहात तुम्ही?"

"मोडनिंबाच्या अंगाला."

"झाड आहे तिथं?"

"लिंब हाय. लई दाट सावली."

"मेंढरं तीच?"

"तीच की. चार कोकरं वाडली."

"आणि कुत्रं?"

"त्ये कुटं जातंय आमाला सोडून?" केराबाईनं त्याच्याकडे नीट बघितलं. त्यानं कधी काही सांगितलं नव्हतं, पण तिला काहीतरी कळल्यासारखं झालं. तिनं पाण्याचा पेला खाली ठेवला आणि सावकाश, हातानं दाखवत सांगितलं, "हे बग, मोटा रस्ता सोडायचा. कॅनालच्या कडंकडंनं यायचं. हिरीपाशी डाव्या हाताला वळलास की लिंब दिसतोय. कवाबी ये."

चनबसप्पानं ते सगळं एका कागदावर लिहून घेतलं.

दीड वाजता तो आडवा झाला. पंधराव्या मिनिटाला बाई म्हणाल्या जा, आणि तो निघाला. त्या दिवशी पोचायला जरा वेळ लागला. मंद्रूपपेक्षा मोडनिंब लांब पडतं. लिंबाखाली मेंढरं बसलेली होती. कुत्रं उठलं, दोन पावलं पुढं आलं, त्याला हुंगलं, आणि ओळखीचाच माणूस आहे असं बघून पुन्हा सावलीत जाऊन पडलं.